डिझेल गाडी सुरू होईना? पंपाला दोष देण्यापूर्वी

गोव्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. या चार महिन्यांत अनेक घरांतील दुसरी गाडी आठवडेच्या आठवडे छपराखाली उभी असते आणि चतुर्थीच्या सुमारास तिची आठवण होते. किल्ली फिरवली जाते, सेल्फ फिरतो, इंजिन मात्र पेट घेत नाही. गाडी जुनी आणि डिझेलवर चालणारी असेल, तर गॅरेजमध्ये पहिला निष्कर्ष बहुधा ठरलेला असतो: ‘पंप गेला, उतरवावा लागेल.’ पंप उतरवणे, तो दुरुस्तीसाठी धाडणे, नोझल बदलणे आणि पुन्हा टायमिंग जुळवणे, हा हजारो रुपयांचा आणि काही दिवसांचा व्यवहार असतो. हे सारे केल्यानंतर दोष एखाद्या तडकलेल्या रबरी नळीत किंवा जळालेल्या फ्यूजमध्ये निघावा, अशी उदाहरणे दुर्मीळ नाहीत.

हा प्रश्न आजही अनेक कुटुंबांचा आहे. एप्रिल २०२० मध्ये नवे प्रदूषण निकष लागू होताना मारुती सुझुकीसारख्या मोठ्या उत्पादकाने डिझेल मोटारी बनवणे थांबवले; परंतु त्याआधी विकल्या गेलेल्या गाड्या रस्त्यावर आहेतच. खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांची असते आणि वाहन सुस्थितीत असल्यास तिचे नूतनीकरण करता येते. त्यामुळे टाटा इंडिका, डिझेल अॅम्बॅसेडर, महिंद्राच्या जीप किंवा पहिल्या पिढीतील डिझेल स्विफ्ट अशी वाहने अद्याप वापरात दिसतात. त्यांच्या मालकांनी दोष शोधण्याचा क्रम समजून घेतला, तर पैसा वाचतो आणि मेकॅनिकशी होणारा संवादही अधिक नेमका होतो.

डिझेल इंजिनाच्या तीन गरजा

रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे आपले यशस्वी इंजिन चालवून दाखवले. त्यामागचे तत्त्व आजही तेच आहे. पेट्रोल इंजिनात ठिणगी पाडून इंधन पेटवले जाते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा इतक्या जोराने दाबली जाते की तीच तापते आणि त्या तप्त हवेत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. जुन्या मोटारींच्या डिझेल इंजिनात हवा मूळ आकारमानाच्या सुमारे बावीसाव्या हिश्श्यापर्यंत दाबली जाते. इंजिन निरोगी असेल आणि पुरेशा वेगाने फिरत असेल, तर या हवेचे तापमान काही शे अंश सेल्सिअसपर्यंत चढते. डिझेलला पेट घेण्यास दोनशे अंशांहून थोडे अधिक तापमान पुरते.

यावरून इंजिनाच्या तीन मूलभूत गरजा स्पष्ट होतात. पहिली, इंजिन पुरेशा वेगाने फिरले पाहिजे. दुसरी, हवाविरहित स्वच्छ डिझेल योग्य वेळी नोझलपर्यंत पोहोचले पाहिजे. तिसरी, सिलिंडरमध्ये पुरेशी उष्णता निर्माण झाली पाहिजे. सुरू न होणाऱ्या इंजिनात या तिघांपैकी एक तरी गोष्ट कमी पडत असते. दोष शोधणे म्हणजे नेमकी कोणती गरज अपुरी आहे हे ठरवणे. हा शोध स्वस्त आणि सोप्या शक्यतेपासून महागड्या शक्यतेकडे जावा, उलट दिशेने नव्हे.

प्रथम वेग: बॅटरी आणि अर्थिंग

सेल्फ फिरतो आहे म्हणजे बॅटरी ठीक आहे, हा सर्वांत सामान्य गैरसमज. पेट्रोल गाडी मंद फिरणाऱ्या सेल्फवरही कित्येकदा सुरू होते. डिझेलला ते जमत नाही. इंजिन संथ फिरले तर दाबलेल्या हवेतील उष्णता सिलिंडरच्या थंड भिंती शोषून घेतात, शिवाय पिस्टनच्या रिंगांमधून हवा निसटण्यास वेळ मिळतो. मिनिटाला साधारण १५० ते २०० फेऱ्यांहून कमी वेगात बहुतेक जुनी डिझेल इंजिने पेट घेत नाहीत. सेल्फचा आवाज नेहमीपेक्षा जड आणि तुटक येत असेल, तर इंधनाकडे पाहण्याची घाई करू नये.

साध्या मल्टिमीटरने येथील बरेचसे उत्तर मिळते. काही तास उभ्या असलेल्या गाडीची पूर्ण चार्ज असलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ व्होल्ट म्हणजे ती जवळपास अर्धी उतरली आहे. सेल्फ मारताना हा आकडा साडेनऊ व्होल्टच्या खाली घसरत असेल, तर बॅटरी थकली आहे किंवा सेल्फ प्रमाणाबाहेर वीज ओढतो आहे.

बॅटरी चांगली असूनही इंजिन संथ फिरते, तेव्हा टर्मिनल आणि अर्थची वायर पाहावी. दमट, खाऱ्या हवेत टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर जमतो. बॅटरीपासून इंजिनाला आणि बॉडीला जोडलेली अर्थची पट्टी आतून गंजते. बाहेरून मात्र ती ठाकठीक दिसते. मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर, दुसरे इंजिनाच्या स्वच्छ धातूवर ठेवावे आणि दुसऱ्या व्यक्तीने सेल्फ मारावा. अर्ध्या व्होल्टहून अधिक आकडा दिसल्यास दोष अर्थिंगमध्ये आहे. हा दोष दूर करण्यास बहुधा सँडपेपर आणि पाना एवढेच साहित्य लागते.

दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडून पाहायची असल्यास आधी दोन्ही धन टोके जोडावीत. नंतर चांगल्या बॅटरीचे ऋण टोक बंद गाडीच्या इंजिनावरील उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर जोडावे. बॅटरीजवळ ठिणगी पडणे धोक्याचे असते, म्हणून हा क्रम पाळावा. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांहून अधिक मारू नये आणि दोन प्रयत्नांमध्ये त्याला थंड होऊ द्यावे.

याउलट सेल्फ नेहमीपेक्षा फारच हलका आणि सलग फिरत असेल, तर ती आनंदाची बाब नव्हे. टायमिंग बेल्ट तुटला असण्याची किंवा कॉम्प्रेशन गेले असण्याची ती खूण असू शकते. अशा वेळी प्रयत्न तेथेच थांबवावेत.

धूर काय सांगतो

इंजिन योग्य वेगाने फिरते आहे, तरीही सुरू होत नाही, अशा वेळी सर्वांत उपयुक्त साधन फुकटचे असते. दुसऱ्या व्यक्तीने सेल्फ मारावा आणि एकाने मागे सायलेन्सरकडे पाहावे.

सायलेन्सरमधून डिझेलच्या उग्र वासाचा पांढरा किंवा करडा धूर येत असेल, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचते आहे, पण पेटत नाही. न जळालेल्या डिझेलची वाफ धुरासारखी दिसते. येथे पंपाला दोष देण्याचे तूर्त कारण नाही; शोध उष्णतेच्या दिशेने, म्हणजे हिटर प्लग, कॉम्प्रेशन आणि टायमिंग यांच्याकडे वळवावा.

धूर मुळीच येत नसेल, तर डिझेल पोहोचतच नाही. शोध टाकीपासून नोझलपर्यंतच्या मार्गावर करावा. हे एक निरीक्षण निम्म्या शक्यता बाद करते. गॅरेजमध्ये गाडी देताना मालकाने धुराविषयी सांगितले, तर मेकॅनिकचेही श्रम वाचतात.

धूर नाही: डिझेल कुठे अडले?

टाकीत डिझेल आहे याची खातरजमा प्रथम करावी. जुन्या गाड्यांचे काटे खोटे बोलतात.

त्यानंतर पंपावरील बंद करणारा सोलेनॉइड तपासावा. इंडिकासारख्या गाड्यांतील रोटरी पंपावर हा छोटा विजेचा झडपयंत्रणेचा भाग असतो. किल्ली चालू स्थितीत आणताच त्याला वीज मिळते, तो उघडतो आणि डिझेलला वाट देतो. किल्ली बंद करताच तो मिटतो आणि इंजिन थांबते. शांत जागी किल्ली फिरवल्यावर पंपाजवळ ‘टक’ असा हलका आवाज आला पाहिजे. आवाज नसल्यास फ्यूज आणि वायर पाहावी. पावसाळ्यात आडोशाला उभ्या गाडीत उंदीर शिरतात आणि वायरी कुरतडतात, हेही ध्यानात असावे. सोलेनॉइडला बॅटरीवरून थेट १२ व्होल्ट दिल्यावर गाडी सुरू झाली, तर पंप निर्दोष ठरतो. अशी थेट वायर जोडली असता किल्लीने इंजिन बंद होत नाही. ते थांबवण्यासाठी ती वायर काढावी लागते. काही जुन्या जीप आणि अॅम्बॅसेडरमध्ये सोलेनॉइडऐवजी ओढून बंद करण्याची केबल असते. ती गंजून ओढलेल्या स्थितीतच अडकली, तर इंजिन कधीच सुरू होणार नाही.

तिसरी आणि जुन्या गाड्यांत फार आढळणारी शक्यता म्हणजे ‘एअर घेणे’. टाकी खाली, पंप वर. त्यामुळे अनेक जुन्या गाड्यांत पंप डिझेल शोषून घेतो. शोषणाच्या या मार्गावर नळीला बारीक चीर पडली, फिल्टरचे रबरी सील कडक झाले किंवा एखादी क्लिप सैल झाली, तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत शिरते. म्हणूनच बाहेरून थेंबही दिसत नसताना दोष तेथेच असतो. रात्रभर गाडी उभी राहिली की नळीतील डिझेल हळूहळू टाकीकडे परतते आणि सकाळी पंपाला हवा मिळते. ‘सकाळी खूप सेल्फ मारावा लागतो, क्षणभर सुरू होऊन बंद पडते, एकदा चालली की दिवसभर तक्रार नाही,’ ही याची नेहमीची लक्षणे आहेत. गाडी चढावर तोंड वर करून उभी केल्यास त्रास वाढत असेल, तर संशय बळावतो.

याची परीक्षा सोपी आहे. फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये पारदर्शक नळीचा तुकडा बसवला की बुडबुडे डोळ्यांना दिसतात. त्याहून निर्णायक चाचणी म्हणजे स्वच्छ डिझेलचा छोटा डबा पंपाच्या पातळीहून वर ठेवून पंपाची येणारी आणि परतीची अशा दोन्ही नळ्या त्याला जोडणे. आतली हवा निघून गेल्यावर गाडी व्यवस्थित सुरू झाली, तर पंप आणि नोझल ठीक आहेत. दोष टाकी ते पंप या मार्गात आहे. पंप उतरवण्याचा निर्णय घेण्यापूर्वी ही चाचणी करण्याचा आग्रह मालकाने अवश्य धरावा.

हवा काढण्यासाठी फिल्टरवरील हातपंप वापरतात. फिल्टरचा एअर स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत हातपंप दाबावा, मग स्क्रू घट्ट करावा. पुढे जुन्या यांत्रिक पंपाच्या गाडीत नोझलकडे जाणाऱ्या पाइपची नट किंचित सैल करून सेल्फ मारला असता तेथे डिझेल ठिबकताना दिसले पाहिजे. हे काम जाणकारानेच करावे.

चौथा दोष पाण्याचा. अर्धी रिकामी टाकी पावसाळाभर उभी राहिली की आतील दमट हवेतील बाष्प थंड होऊन पाणी बनते. पाणी डिझेलहून जड असल्याने तळाशी साचते आणि पंप डिझेल तेथूनच खेचतो. पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढून काळसर, बुळबुळीत गाळ तयार होतो व तो फिल्टर कोंदून टाकतो. फिल्टरच्या तळाशी असलेला स्क्रू उघडून काचेच्या बाटलीत थोडे डिझेल घ्यावे आणि काही मिनिटे स्थिर ठेवावे. पाणी असेल तर खाली वेगळा थर दिसतो. गाडी दीर्घकाळ उभी ठेवायची असल्यास टाकी भरून ठेवणे हा यावरचा साधा उपाय आहे.

धूर आहे: उष्णता कुठे कमी पडते?

गोव्यासारख्या उष्ण प्रदेशात हिटर प्लगची गरजच नाही, असे अनेकजण मानतात. ते अर्धसत्य आहे. इंडिकाच्या १,४०५ सीसी इंजिनासारख्या जुन्या रचनेत डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारले जात नाही; ते बाजूच्या एका लहान कक्षात फवारले जाते. या कक्षाच्या भिंती दाबलेल्या हवेची पुष्कळ उष्णता शोषून घेतात. त्यामुळे पहाटेचे तापमान २० ते २५ अंश असले, तरी अशा इंजिनाला पहिल्या पेटीसाठी हिटर प्लगची मदत लागते. थेट सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी इंजिने मात्र आपल्या हवामानात बहुधा हिटरशिवायही सुरू होतात.

डॅशबोर्डवरचा पिवळा वेटोळ्याचा दिवा लागून विझतो, याचा अर्थ हिटर प्लग तापले असा होत नाही. अनेक जुन्या गाड्यांत तो दिवा केवळ ठरावीक वेळेनंतर विझतो. प्लग जळालेले असले तरी त्याला पत्ता नसतो. प्लगना जोडणारी पट्टी काढून प्रत्येक प्लगचा रोध मल्टिमीटरने मोजावा. चांगला प्लग एक ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी रोध दाखवतो. मीटर काहीच जोडणी दाखवत नसेल, तर तो प्लग जळालेला आहे. चारपैकी एक निकामी झाला तर गाडी थरथरत, पांढरा धूर सोडत सुरू होते. दोन-तीन गेले तर थंड इंजिन दाद देत नाही. सर्व प्लग चांगले असूनही किल्ली फिरवल्यावर पट्टीवर १२ व्होल्ट येत नसतील, तर दोष रिले किंवा फ्यूजमध्ये असतो.

प्लग आणि वेग दोन्ही ठीक असताना पांढरा धूर आणि नकार कायम राहिला, तर कॉम्प्रेशन तपासावे. त्यासाठी डिझेलचा वेगळा, जास्त दाब मोजणारा गेज लागतो. पेट्रोलचा चालत नाही. आकड्याइतकेच महत्त्व चारही सिलिंडरांतील समानतेला असते. एखादाच सिलिंडर फार मागे असेल, तर व्हॉल्व्ह, हेड गॅस्केट किंवा रिंगा यांपैकी कुठेतरी बिघाड आहे.

गरम असताना सुरू न होणे

काही गाड्या सकाळी चटकन सुरू होतात. पण चोर्ला घाट चढून चहासाठी पंधरा मिनिटे थांबल्यावर पुन्हा सुरू होत नाहीत. येथे हिटर प्लगचा संबंध नाही. झिजलेल्या रोटरी पंपात गरम, पातळ झालेले डिझेल फटींमधून मागे निसटते आणि सेल्फच्या कमी वेगात पुरेसा दाब तयार होत नाही. पंपावर थंड पाण्याने भिजवलेला कपडा काही मिनिटे ठेवल्यावर गाडी सुरू झाली, तर पंपाची झीज जवळपास निश्चित समजावी. पंप उतरवण्याचे हे रास्त कारण आहे. गरम झाल्यावर सेल्फच जड फिरत असेल, तर मात्र दोष सेल्फमध्ये किंवा त्याच्या वायरमध्ये शोधावा.

कॉमन रेल गाड्यांचा वेगळा नियम

भारतात २००७ मध्ये आलेली १,२४८ सीसी डिझेल स्विफ्ट आणि तिच्या पिढीतील गाड्या कॉमन रेल पद्धतीच्या आहेत. त्यांत डिझेल एका सामाईक नळीत प्रचंड दाबाखाली साठवले जाते आणि संगणक ते नोझलना वाटतो. पूर्ण भाराखाली हा दाब हजार बारच्या पुढे जातो. अशा गाडीत नोझलच्या पाइपची नट सैल करून पाहण्याची जुनी युक्ती कधीही वापरू नये. या दाबाची सूक्ष्म धार त्वचा भेदून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसली तरी तातडीने शस्त्रक्रियेची गरज पडू शकते. असे घडल्यास विलंब न करता रुग्णालय गाठावे.

या गाड्यांत प्रथम इमोबिलायझरचा दिवा पाहावा, नंतर स्कॅनरवर सेल्फ मारतानाचा रेलचा दाब वाचावा. दाब वाढत नसेल, तर फिल्टर, हवा, दाब नियंत्रक किंवा परतीच्या मार्गाने अति गळणारे नोझल यांचा विचार होतो. स्कॅनरवर इंजिनाचा वेग शून्य दिसत असेल, तर क्रँक सेन्सर बंद पडला आहे. संगणकाला इंजिन फिरते आहे हेच कळत नाही आणि तो डिझेल सोडत नाही.

काय करू नये

एअर फिल्टरजवळ पेट्रोलचा बोळा धरणे किंवा ईथरचा फवारा मारणे हा प्रकार सर्रास चालतो. हिटर प्लग तापलेले असताना ही वाफ वेळेआधीच भडकते आणि पिस्टन किंवा इनटेक मॅनिफोल्ड फुटू शकतो. एकदा सुरू झाली तरी दोष जागच्या जागीच राहतो.

गाडी पुराच्या पाण्यात उभी राहिली असेल, तर सेल्फ मुळीच मारू नये. पाणी हवेसारखे दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवल्यास कनेक्टिंग रॉड वाकतो आणि काही हजारांचे काम लाखाच्या घरात जाऊ शकते.

गॅरेजमध्ये सांगण्याच्या पाच गोष्टी

मेकॅनिककडे जाताना ‘गाडी सुरू होत नाही’ एवढेच सांगणे पुरेसे नसते. सेल्फ नेहमीच्या वेगाने फिरतो की संथ. सायलेन्सरमधून धूर येतो की नाही आणि कोणत्या रंगाचा. तक्रार थंड असताना आहे की गरम असताना. ती हळूहळू वाढत गेली की एका दिवसात उद्भवली. आणि त्याआधी फिल्टर बदलणे, बाहेरगावी डिझेल भरणे किंवा दीर्घकाळ उभी ठेवणे असे काही घडले होते का, या पाच गोष्टी नीट सांगाव्यात. हळूहळू वाढलेली तक्रार झिजेकडे बोट दाखवते, तर एकाएकी उद्भवलेली तक्रार फ्यूज, वायर, बेल्ट किंवा इंधनाकडे. फिल्टर बदलल्याच्या दुसऱ्या दिवशी सुरू न झालेल्या गाडीत बहुतेकदा हवाच शिरलेली असते.

यानंतरही ‘पंपच उतरवावा लागेल’ असे उत्तर आले, तर डब्यातील डिझेलची चाचणी झाली का, एवढा एकच प्रश्न विचारावा. ती झाली असेल आणि तरीही गाडी सुरू झाली नसेल, तर खर्चाला आधार आहे. झाली नसेल, तर आधी ती करून घ्यावी. त्यासाठी लागतात दोन नळ्या, दोन लिटर डिझेल आणि अर्धा तास.